सोमवारची छाती : एका प्रश्नाची परीक्षा

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने धुळीच्या रोगाविषयी लिहावे, ही काही वाचकांना अनधिकार चेष्टा वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या रोगाचा विचार येथे करावयाचा आहे, त्याचे निदान दीर्घकाळ मुख्यतः एका प्रश्नाच्या उत्तरावर होत आलेले आहे. आणि प्रश्न हा वैद्यकाचा विषय होण्यापूर्वी भाषेचा विषय असतो.

हा रोग म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस. त्याचे हे नाव १८७७ साली फ्रेंच वैद्य आद्रियाँ प्रूस्त यांनी रूढ केले. (हे मार्सेल प्रूस्त या कादंबरीकाराचे वडील.) ग्रीक ‘बुस्सोस’ या शब्दाचा अर्थ अळशीच्या धाग्याचे तलम वस्त्र असा आहे. तेच नाव पुढे कापसाच्या धुळीने होणाऱ्या विकारास लागले. अर्थविस्ताराचे याहून बोलके उदाहरण आमच्या पाठ्यपुस्तकांतही सहसा आढळत नाही.

या रोगाची रीत मोठी विलक्षण आहे. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार गिरणीत परत येतो, आणि कामास लागून काही तास लोटल्यावर त्याची छाती आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी हा त्रास कमी होतो किंवा नाहीसा होतो. पुढे वर्षांमागून वर्षे गेली म्हणजे तो इतर दिवशीही जाणवू लागतो, आणि अखेरीस कायमची धाप मागे राहते. सिलिकोसिसची खूण क्ष-किरणांच्या चित्रात उमटते. या रोगाची स्वतःची अशी कोणतीही खूण तेथे दिसत नाही. म्हणून १९५० नंतरच्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकाशरमधील गिरण्यांत संशोधन केले, तेव्हा रोगाच्या श्रेणी कामगाराच्या उत्तरांवरून ठरविल्या. छाती केवळ आठवड्याच्या पहिल्या दिवशी आवळते असे म्हणणारा पहिल्या श्रेणीचा; इतर दिवशीही आवळते असे म्हणणारा दुसऱ्या श्रेणीचा. अमेरिकेत १९७८ साली कापसाच्या धुळीविषयीचे नियम झाले, तेव्हा त्यांच्या परिशिष्टात अशीच प्रश्नावली जोडण्यात आली. एखादी प्रश्नावली कायद्याचा भाग व्हावी, हे त्या प्रश्नाचे वजन सांगण्यास पुरेसे आहे.

आता या प्रश्नाची रचना पाहू. प्रथम छाती कधी आवळल्यासारखी होते का, असे विचारावयाचे. मग आठवड्यातील एखाद्या विशिष्ट दिवशी तसे होते का, आणि होत असल्यास कोणत्या. सोमवारचे नाव विचारणाऱ्याने स्वतः उच्चारावयाचे नाही. ही रचना खरोखर उत्कृष्ट आहे, कारण ती उत्तर सुचवीत नाही. दोष आहे तो उत्तराच्या रकान्यात. तेथे सोमवार हा दिवस गृहीत धरलेला होता, कारण लँकाशरमध्ये सुट्टी रविवारची होती. जेथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी किंवा आणखी कोणत्या वारी असेल, तेथे अचूक उत्तर देणारा कामगार चुकीच्या रकान्यात पडावयाचा. १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी श्रेणीव्यवस्था सुचविली. तीत वाराचे नाव गेले आणि ‘कामावर परतल्यानंतरचा पहिला दिवस’ आला. जोडीला फुप्फुसांच्या कार्यक्षमतेचे मोजमापही आले. तथापि श्रेणीचे पहिले पाऊल उत्तरावरच टाकले जाते.

गेल्या वर्षी वैद्यकीय संशोधनाचे काही विद्यार्थी अशा एका प्रश्नावलीचे मराठी भाषांतर घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले. भाषांतराची परीक्षा त्यांच्या शिक्षणक्रमात सांगितल्याप्रमाणे झालेली होती: एकाने मराठी केले, दुसऱ्याने त्यावरून पुन्हा इंग्रजी केले, आणि दोन्ही इंग्रजी पाठ जुळले. वाक्य असे होते: ‘आपली छाती घट्ट वाटते काय?’ मराठीत दही घट्ट होते, गाठ घट्ट बसते, सदरा घट्ट होतो. छाती घट्ट झालेली मी कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही. उलट भाषांतराची कसोटी येथे फसली, कारण ती केवळ शब्द परत येतो की नाही एवढेच पाहते. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते, हे पाहत नाही. त्यांतील एकाने सुधारणा म्हणून ‘ऊर भरून येतो का’ असे सुचविले, तेव्हा मात्र हसू आवरेना. ऊर भरून येतो तो मुलगी सासरी निघाली म्हणजे.

मराठी माणूस हा त्रास सांगतो, तो ‘छाती दाटते’, ‘छाती भरते’, ‘दम कोंडतो’, ‘जीव घाबरा होतो’ अशा शब्दांनी. धाप लागणे आणि दम कोंडणे यांत तो भेद करतो, आणि वैद्यकाला नेमका हाच भेद हवा असतो. खोकल्याचेही तसेच आहे. ठसका, ढास, उबळ हे वेगवेगळे खोकले आहेत. कफ पडतो का असे विचारले, तर आयुर्वेदाच्या संस्कारात वाढलेला माणूस आपली प्रकृती सांगू लागतो. बेडका पडतो का असे विचारले, तर नेमके उत्तर मिळते. विद्यार्थ्यांनी ‘बेडका’ हा शब्द ग्राम्य म्हणून गाळला होता.

शब्दांहूनही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ‘ना’ हे अव्यय. तरुण डॉक्टर आपुलकीने विचारतो : ‘मावशी, दम कोंडत नाही ना?’ यात प्रश्न नाही, अपेक्षा आहे. आणि समोरची बाई डॉक्टरसाहेबांची अपेक्षा मोडू इच्छीत नाही. ती ‘नाही’ म्हणते आणि निरोगी ठरते. ‘मावशी, दम कोंडतो का?’ या वाक्यात तीच आपुलकी आहे, परंतु उत्तर मोकळे आहे. छापील कागदावर ‘का’ असूनही तोंडून ‘ना’ येतो, हे मी स्वतः विद्यार्थ्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींत ऐकले. मूळ शब्द जसेच्या तसे वाचावेत, हा नियम योग्यच आहे. प्रत्येकाने आपापल्या परीने समजावून सांगितले, तर दोन गावांची तुलनाच होणार नाही. परंतु नियम सांगणे निराळे आणि कान तयार करणे निराळे. फुप्फुसाचे मोजमाप करणारा स्पायरोमीटर वापरण्यापूर्वी तपासून घ्यावा, हे या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात शिकवितात. नमुना-निवड, सांख्यिकी, हवेतील धुळीचे मोजमाप, हे सारे त्यांना येते. प्रश्न हेही एक उपकरण आहे आणि त्यासही तपासणी लागते, एवढे मात्र त्यांस कोणी सांगितलेले नव्हते. हा आक्षेप विद्यार्थ्यांवर नाही, शिक्षणक्रमावर आहे.

ही परंपरा वैद्यकात नव्हती असे नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली मोदेना येथे व्यवसायजन्य रोगांवरील आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हिप्पोक्रेटिसाने सांगितलेल्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तुमचा व्यवसाय कोणता? हे सर्वत्र सांगितले जाते. त्यामानाने दुर्लक्षित राहतो तो त्यांच्या घरचा प्रसंग. शौचकूप उपसणारा मजूर विलक्षण घाईने काम करीत होता. त्यास रामाझ्झिनींनी घाईचे कारण विचारले. चार तासांहून अधिक येथे राहिल्यास काय होते याची कल्पना बाहेरच्यास येणार नाही, आंधळे होण्याची पाळी येते, असे त्याने सांगितले. येथे रोगाविषयी प्रश्न नव्हताच. प्रश्न होता घाईविषयी, आणि रोग उत्तरातून बाहेर आला. ठराविक प्रश्नावलीत अशा प्रश्नास जागा नसते. ती असावी काय, याविषयी दुमत होऊ शकेल. निदान मुख्य पाहणीपूर्वी महिनाभर विद्यार्थ्याने प्रश्नावलीवाचून कामगारांत बसावे आणि त्यांचे शब्द टिपून घ्यावेत, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्यांनी पुढे प्रश्न बदलला : ‘सुट्टीनंतर कामावर आल्या दिवशी छाती दाटते का?’ तो घेऊन ते कापसाच्या एका जिनिंगमध्ये गेले. तेथे एका बाईने त्यांनाच विचारले, ‘सुट्टी कोणती?’ हंगाम सुरू झाला की तिचे काम अखंड चाले, आणि हंगाम संपला की काम नसे. तिच्यापुरता ‘पहिला दिवस’ वर्षातून एकदाच येत होता. तिला कोणत्या श्रेणीत घालावे, हे विचारण्यास विद्यार्थी पुन्हा माझ्याकडे आले. मी त्यांना त्यांच्या प्राध्यापकांकडे पाठविले, आणि त्या प्राध्यापकांनी त्यांना परत माझ्याकडे पाठविले आहे.