न सांपडलेल्या कणांचा ग्रंथ

ज्या वस्तूचें अस्तित्व अद्याप सिद्ध झालेलें नाहीं, तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिणें हा केवळ बुद्धिविलास नव्हे काय? मॅन्युएल ड्रीस, रोहिणी गोडबोले व प्रबीर रॉय यांच्या ‘थिअरी अँड फिनॉमिनॉलॉजी ऑफ स्पार्टिकल्स’ (२००४) या इंग्रजी ग्रंथाविषयीं आज हाच प्रश्न उभा राहतो. ग्रंथकारांपैकीं डॉ. रोहिणीबाई (१९५२–२०२४) पुण्याच्या. म्हणून मराठी वाचकांनीं त्याचा विचार करणें अगत्याचें आहे.

ग्रंथाचा विषय सुपरसिमेट्री, म्हणजे अतिसममिति. इलेक्ट्रॉनासारखे द्रव्य घडविणारे कण व प्रकाशकणासारखे बल वाहणारे कण, या दोन जातींपैकीं प्रत्येक कणास दुसऱ्या जातीचा एक जोडीदार असला पाहिजे, असें ही उपपत्ति सांगते. हिग्ज कणाचें वस्तुमान अमर्याद कां फुगत नाहीं, याचें उत्तर तींत मिळतें.

परंतु ग्रंथाचें खरें मोल उपपत्तीबरोबर शोधाच्या खुणाही सांगण्यांत आहे. सर्वांत हलका जोडीदार स्थिर असेल, तर तो यंत्रांतून खूण न ठेवतां निसटेल आणि टकरींतील बाकीच्या कणांच्या संवेगाचा ताळा जुळणार नाहीं. आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरांतील कसलेला मुनीमही वहींतील तुटीवरूनच गेलेली रक्कम हुडकतो. मात्र न्यूट्रिनो हा ओळखीचा कणही असाच निसटतो. तेव्हां प्रत्येक तुटीस नवा चोर कल्पितां येत नाहीं.

जिनिव्हाजवळील २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रांत २०१२ सालीं हिग्ज कण सांपडला. त्यांतील सीएमएस प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही वांटा होता. जोडीदार मात्र एकही हातीं लागलेला नाहीं. ग्लुइनो नांवाचा जोडीदार असलाच, तर साध्या गृहीतांनुसार तो प्रोटॉनाच्या सुमारें २००० पटींहून जड असला पाहिजे.

मग ग्रंथ फसला काय? विरोधकांचा आक्षेप सबळ आहे. या उपपत्तीच्या लघुतम रूपांतही १०० हून अधिक नव्या राशी अनिश्चित आहेत. प्रयोगानें एक दार बंद केलें कीं पुरस्कर्त्यांस दुसरें उघडतां येतें. पण ही पळवाट फुकट मिळत नाहीं. जोडीदार जितके जड मानावे, तितकें हिग्जविषयींचें मूळ उत्तर दुबळें होतें. ही किंमत पुरस्कर्त्यांनीं मोकळेपणें मान्य केली पाहिजे.

तथापि कोठें व कसें शोधावें हें आधीं सांगणारें शास्त्र स्वतःस कसोटीवर चढवितें, आणि अशा कसोटींतील नकारही ज्ञानच होय. एवढ्यासाठीं आम्ही हा ग्रंथ आदरणीय समजतों. एखाद्या जाणत्यानें हा सर्व वाद सुबोध मराठींत मांडावा, अशी आमची विनंति आहे.