खाशाबांच्या गोष्टीत कुस्ती कुठे आहे?

दरवर्षी १५ जानेवारी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर खाशाबा जाधव येतात. एक जुना काळापांढरा फोटो, खाली दहा-बारा ओळी. २०२३ मध्ये गूगलने त्यांच्या ९७व्या जयंतीला डूडल केलं, तेव्हा तर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अमराठी मंडळीही विचारत होती, 'हा कोण?' मग कुणीतरी त्याच दहा-बारा ओळी इंग्रजीत टाकल्या.

त्या ओळी तुम्हालाही पाठ असतील. कराडजवळच्या गोळेश्वरचा मुलगा. ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, मुंबई सरकारने हात वर केले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. नंतर पोलिसातली नोकरी, सरकारी उपेक्षा, १९८४ मध्ये रस्ता अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. शेवटी एक वाक्य: आपण आपल्या हिऱ्यांची किंमत करत नाही.

यातलं काही खोटं नाही. उपेक्षा झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. ही गोष्ट पुन्हा वाचून बघा आणि त्यात कुस्ती शोधा. 'हेलसिंकीत ब्राँझपदक' या दोन शब्दांत ती संपते. प्रतिस्पर्धी कोण होते, कुस्त्या किती झाल्या, डाव कुठला लागला, मातीतला पैलवान मॅटवर कसा टिकला, यातलं काहीच नाही. ज्या कामामुळे हा माणूस लक्षात ठेवायचा, तेच काम गोष्टीतून गळालंय. घर कुणी गहाण टाकलं ते आपल्याला माहीत आहे. ज्याला खाशाबांनी चीत केलं त्याचं नाव माहीत नाही.

सिनेमातही तेच. २०२४ मध्ये आलेला 'चंदू चॅम्पियन' मुरलीकांत पेटकरांवर आहे. सांगली जिल्ह्यातला हा माणूस सैन्यात बॉक्सर झाला, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ साली त्याने पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. चित्रपटात लहानगा मुरली खाशाबांच्या स्वागताची गर्दी बघतो आणि ऑलिम्पिकचं स्वप्न धरतो. प्रसंग चांगला आहे, पण तिथेही खाशाबा म्हणजे मिरवणूक. नागराज मंजुळेंनी 'खाशाबा' जाहीर केल्यापासून माझी एकच अपेक्षा आहे. गरिबी आणि अपमान ते उत्तम दाखवतील, त्याची काळजी नाही. मला मॅट बघायचीय.

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. एखादी गोष्ट कशी घडली हे समजून घ्यायचं तर आधी लॉग उघडायचा, लोक काय सांगतात ते नंतर ऐकायचं, ही कामाची सवय. खाशाबांच्या स्पर्धेचा लॉग छोटासा आहे. ५७ किलो, म्हणजे बँटमवेट, फ्रीस्टाइल. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन आणि मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्टो या दोघांना खाशाबांनी चीत केलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. सोव्हिएत रशियाचा रशीद मम्मदबेयोव आणि जपानचा शोहाची इशी यांच्याकडून ते हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य. म्हणजे त्या वजनात खाशाबांना फक्त दोघांनी हरवलं आणि ते दोघे पदकांच्या यादीत त्यांच्या वर आहेत.

आता नियम बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. तेव्हा उलट्या गुणांची पद्धत होती. समोरच्याला चीत केलं तर तुमच्या नावावर शून्य. नुसतं गुणांवर जिंकलात तर जिंकूनही एक उलटा गुण. सरळ हरलात तर तीन. पाच झाले की स्पर्धेबाहेर. खाशाबांच्या पहिल्या दोन विजयांचे उलटे गुण शून्य, तिसऱ्याचा एक. त्यामुळे तीन कुस्त्या जिंकून त्यांच्या नावावर एकच उलटा गुण होता आणि एक हार पचवूनही बेरीज चारवर थांबत होती. हेच तिन्ही विजय गुणांवर असते, तर पहिल्याच हारीला बेरीज सहा झाली असती आणि खाशाबा पदकाशिवाय घरी आले असते. ब्राँझ आलं ते त्या दोन चीतपटांमुळे.

आणि चीतपट ही तर मातीची भाषा. आपल्या मैदानात गुण नसतात. पाठ लागली तर निकाल, नाहीतर कुस्ती बरोबरीत सोडवतात. लहानपणापासून हेच डोक्यात असलेला पैलवान मॅटवर गेला की सहसा अडचणीत येतो. मातीत पाय रुततो, तिथे जोर लावायला वेळ मिळतो. मॅटवर पाय लगेच सुटतो, समोरचा खाली वाकून पायात घुसतो. मातीत अंगावर माती टाकून पकड घट्ट करता येते, मॅटवर घामाने हात निसटतो. वर घड्याळ चालू असतं. १९४८ साली लंडनमध्ये खाशाबा पहिल्यांदा या सगळ्याला सामोरे गेले, तेही ५२ किलोच्या फ्लायवेटमध्ये, आणि सहावे आले. पुढच्या चार वर्षांत ते एक वजनगट वर गेले, मॅट शिकले आणि चीत करायची सवय मात्र त्यांनी सोडली नाही. 'ढाक' हा त्यांचा हातखंडा डाव होता असं सांगतात. ढाकेत प्रतिस्पर्ध्याची मान-हात कवळीत धरून, वळून, त्याला कमरेवरून टाकायचं असतं. डाव मातीतला आहे, पण नीट बसला तर मॅटवरही थेट पाठच लावतो.

गरीब घरचा मुलगा जिद्दीने जिंकला, एवढ्यावर ही गोष्ट भागत नाही. एका पद्धतीत तयार झालेलं कसब दुसऱ्या पद्धतीत नेताना काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांनी बरोबर ओळखलं. ही बुद्धीची गोष्ट आहे. आपण मात्र तिला फक्त काळजाची गोष्ट करून टाकलंय.

मॅटवर परका असलेला तो एकटाही नव्हता. ज्याने सुवर्ण जिंकलं तो इशी मुळात ज्युदोवाला. ज्युदोतली फेक आणि आपली ढाक या लांबच्या नात्यातल्या म्हणायला हरकत नाही. लाल मातीतला एक आणि ज्युदोच्या चटईवरचा एक, असे दोघे युरोपच्या मॅटवर समोरासमोर आले होते. हेलसिंकीत जपानला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. जपानी कुस्ती संघटनेची सूत्रं इचिरो हत्ता या मूळच्या ज्युदोवाल्याकडेच होती. बारा वर्षांनी, १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, जपानने कुस्तीत पाच सुवर्णपदकं घेतली.

आपण काय केलं? खाशाबा परतले ते कर्ज घेऊन. खर्डेकर सरांचं घर सोडवायचं म्हणून त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून गहाण सोडवलं. हा प्रसंग आपण त्यांच्या सच्चेपणाचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण दुसऱ्या बाजूने वाचा: देशातला मॅटवरचा सगळ्यात अनुभवी माणूस पदक जिंकून आल्यावर पैशासाठी मैदानं भरवत होता. १९५५ मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक झाले. १९५६च्या ऑलिम्पिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळे जाता आलं नाही. कुस्तीतलं पुढचं ऑलिम्पिक पदक भारताला २००८ मध्ये सुशील कुमारने दिलं. मध्ये ५६ वर्षं गेली.

एकट्या वीराची गोष्ट सांगितली की आजूबाजूचे लोक पुसले जातात. त्याच हेलसिंकीत, ५७ किलोच्या लगेच वरच्या गटात, केशव माणगावे चौथे आले. तेही आपल्याच मातीतले. पदक एका पायरीने हुकलं आणि फॉरवर्डमधली जागाही हुकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये लागून असलेल्या दोन वजनगटांत मराठी पैलवान तिसरा आणि चौथा येतो, तेव्हा तो चमत्कार नसतो. त्यामागे शाहू महाराजांच्या काळापासूनच्या तालमी असतात, खासबागसारखं मैदान असतं, वस्ताद असतात. खाशाबांना 'चमत्कार' म्हटलं की या यंत्रणेचं पुढे काय झालं, हा प्रश्नच उरत नाही.

अन्याय आणि खेळ दोन्ही एकत्र सांगता येतात, याचं उदाहरण बॉक्सिंगमध्ये आहे. जॅक जॉन्सन १९०८ मध्ये हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. त्याच्यावर झालेला अन्याय फारच मोठा. वंशद्वेषातून खटला भरला, तुरुंगात टाकलं, आणि माफी मिळाली २०१८ मध्ये, तो गेल्यानंतर ७२ वर्षांनी. पण त्याच्यावर लिहिणारे तिथेच थांबत नाहीत. तो मागे सरकत ठोसा कसा झेलायचा, उघड्या पंजाने समोरच्याचा हात कसा अडवायचा, त्याच्या बचावातून पुढच्यांनी काय घेतलं, हेही लिहितात. १९१०च्या जेफ्रीजबरोबरच्या लढतीचं चित्रण आहे, हा त्यांचा फायदा. आपल्याकडे तसं चित्रण डोळ्यासमोर नाही. पण निकाल आहेत, नियम आहेत, ढाक मारणारे पैलवान आजही आहेत. एवढ्यावर बरंच सांगता येतं.

आता हे सगळं मला का लागतं ते सांगतो. मी सावद्याचा, रावेर तालुका, केळीचा पट्टा. आमच्याकडे यात्रा म्हटलं की बारागाड्या, तमाशा आणि कुस्त्यांची दंगल. खानदेशात कुस्ती मेलेली नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा आमच्याकडे घरचं लग्न असल्यासारखा आनंद होता, आणि तो खराच होता.

पण महाराष्ट्र केसरीची गदा मिळते ती सगळ्यात वजनदार गटात, ८६ ते १२५ किलोच्या. त्याच अधिवेशनात ५७ किलोच्याही कुस्त्या होतात, माती आणि मॅट दोन्हींवर. त्या जिंकणाऱ्याचं नाव तुम्हाला आठवतं का? मला एकही आठवत नाही. म्हणजे महाराष्ट्राच्या कुस्तीतला सगळ्यात मोठा मान हा असा आहे, की खाशाबा आज ऐन उमेदीत असते तरी त्यासाठी उभेच राहू शकले नसते. ज्या वजनाने आपल्याला पदक दिलं, त्या वजनाला आपल्याकडे गदा नाही, हत्ती नाही, बॅनर नाही.

आणि ५७ किलो हे वजन काही कालबाह्य झालेलं नाही. टोकियोत रवी दहियाने रौप्य जिंकलं ते ५७ किलोत. २०२४ मध्ये पॅरिसला अमन सेहरावतने ब्राँझ जिंकलं तेही ५७ किलोत. दोघेही हरियाणाचे. हरियाणातही माती आहे, दंगली आहेत, पण तिथे लहान वजनाचा पोरगा मॅटवर गेला आणि लोकांनी त्याला पैलवान मानलं. त्याच पॅरिसमध्ये महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक मिळालं, कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसळेचं. ते नेमबाजीत होतं. पेपरांनी 'खाशाबांनंतर थेट स्वप्निल' असं कौतुकाने छापलं. कौतुक योग्यच. पण कुस्तीच्या राज्यात मधली ७२ वर्षं कुस्तीचं काय झालं, हा प्रश्न त्या मथळ्यात होता आणि बातमीत नव्हता.

खाशाबांना पद्म पुरस्कार द्या, अशी मागणी होते. द्यावाच. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे, तेही चांगलंच. पण वारसा म्हणजे सरकारने काय दिलं एवढंच धरलं, की आपली जबाबदारी हळहळण्यापुरती उरते. हळहळ स्वस्त असते, फॉरवर्ड केली की झाली. वारसा म्हणजे त्यांनी केलेलं काम पुढे चालू आहे का, असं विचारलं तर प्रश्न आपल्या गावात येतो.

आमच्या सावद्यात केळीचा घड काट्यावर चढल्याशिवाय पुढे जात नाही. किलोच्या हिशोबावरून भांडणं होतात. त्याच भागातल्या दंगलीत मात्र जोड लावतात ती नजरेने: दोन पोरं उभी करायची, उंची-अंग बघायचं आणि सोडायची. हलक्या पोरांच्या कुस्त्या दुपारी, माणसं जमायच्या आधी उरकतात. संध्याकाळची गर्दी आणि मोठं इनाम जडवाल्यांना. यात्रा कमिटीने मैदानाच्या कडेला एक वजनकाटा ठेवावा, एक मॅट भाड्याने आणावी आणि ५७ किलोची एक कुस्ती संध्याकाळी, शेवटच्या कुस्तीच्या आधी लावावी. खर्च तमाशाच्या बिदागीपेक्षा कमीच येईल. ती लावताना माइकवरून पोलिक्विन, बासुर्टो आणि श्मिट्झ ही तीन नावं घ्यावीत, आणि त्यांना कुणी आणि कसं हरवलं ते सांगावं.