फळीवरची चाल

चाकाची वस्तू फळीवर ठेवायची म्हटलं की मांडणाऱ्याला एक पेच सोडवावा लागतो. पुतळा जागचाच असतो, फुलदाणीही जागचीच. गाडी मात्र कुठेतरी जाण्यासाठी केलेली असते. ती थांबलेली दाखवायची आणि तरी तिची चाल बघणाऱ्याला कळायला हवी. नागपुरात हा पेच जुना आहे. इथल्या कितीतरी घरांतल्या शोकेसमध्ये चाकांवरचा लाकडी नंदी वर्षभर उभा असतो. आता त्याच फळ्यांवर रिमोटच्या मॉडेल गाड्याही येऊन बसल्या आहेत. धरमपेठेत माझ्या एका स्नेह्यांकडे अशी फळी आहे. डावीकडे वीतभर उंचीचा सागवानी नंदी, मध्ये तामिया कंपनीची सँड स्कॉर्चर, उजवीकडे त्याच कंपनीची हॉर्नेट. एवढंच. बाकी फळी त्यांनी मोकळी सोडली आहे, आणि ती मोकळी जागाही मांडणीचाच भाग आहे असं माझं मत आहे. गाडीच्या पुढे रिकामी जागा असली तरच ती कुठेतरी निघाली आहे असं वाटतं.

सुरुवात नंदीपासून करतो, कारण या फळीवर वडीलकीचा मान त्याचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, नागपुरात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशीचा पोळा खऱ्या बैलांचा, हा पोरांचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी तो सुरू केला असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पोरं आपापले नंदी सजवून आणतात, तोरणाखाली ओळीने उभे करतात, उत्तम सजावटीला बक्षीस मिळतं आणि मग नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे सणाची भेट, मागायला निघतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेला तर पोरांच्या या सणासाठी भलेमोठे लाकडी नंदी बाहेर काढतात. घरातला नंदी लहान असो की गावातला थोरला, घडण तीच: खाली चार चाकांचा पाट, वर बैल.

या नंदीचे पाय नीट बघावेत. ते सरळ खांबासारखे असतात. एकही पाय उचललेला नसतो, गुडघा वाकलेला नसतो. बैल चालतो आहे हे दाखवण्याचा सुताराने जराही प्रयत्न केलेला नाही, आणि त्याला ते जमत नव्हतं असंही नाही. त्याच सुताराने वशिंडाचा बाक किती अचूक घेतलेला असतो, गळ्याखालची पोळी कशी लोंबती ठेवलेली असते! पाय मात्र स्थिर, कारण चालण्याचं काम त्याने चाकांवर सोपवलं आहे. बैल ऐटीत उभा राहील, पाट चालेल. बाशिंग, झूल, घुंगरमाळ, शिंगांचं बेगड हा सगळा साज त्या स्थिरपणावर शोभतो. पाय हलते दाखवले असते तर दोरी ओढताच वरची चाल आणि खालची चाल एकमेकींना खोटं पाडू लागल्या असत्या. कारागिराचा हा निर्णय मला थोर वाटतो.

आणि हा निर्णय फार जुना आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली भरीव ओतीव धातूच्या चार वस्तू सापडल्या: दोन बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या जातात. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब आहे, त्यात उभा असलेला सारथी १६ सेंटीमीटरचा. चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोच्या वर जातं. चौघांचीही घडण चाकांवर चालण्यासाठी झालेली आहे. गेंडा, रेडा आणि हत्ती मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यातल्या हत्तीचे आस आणि चाकं हरवली आहेत. गेंड्याकडे बघून मग या हत्तीकडे वळलं की चाकांचं मोल कळतं. गेंडा आता निघेल असं वाटत राहतं, हत्ती मूर्ती होऊन बसला आहे. शिल्प म्हणून तो कुठेच उणा नाही, पण पाटाखालची चाकं गेली आणि त्याची दिशाच गेली.

आता मधली गाडी. तामिया ही जपानमधल्या शिझुओकाची कंपनी, १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झालेली. पुढे लाकडी मॉडेलं करता करता ती प्लॅस्टिकच्या मॉडेलांकडे वळली. म्हणजे नंदीशी तिचं नातं लाकडाचंही आहे. रिमोटवर चालणारी तिची पहिली गाडी १९७६ सालची, एकास बारा प्रमाणातली पोर्शे ९३४. या गाडीची हकीकत फळीच्या बाजूने फार महत्त्वाची आहे. कंपनीने पोर्शेचं मॉडेल आधी केलं ते नुसतं मांडून ठेवण्यासाठी. ते हुबेहूब व्हावं म्हणून शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि मापं घेण्यासाठी ती सुटी केली. त्याच मॉडेलमध्ये मग मोटर आणि रेडिओ बसला. फळीवरची गाडी आधी जन्मली, धावणारी तिच्यातून निघाली. ‘धावायची ती खरी गाडी, कपाटातली नुसती शोभेची’ असं छंदातले काही लोक ठासून सांगतात. त्यांनी हा क्रम आठवून पाहावा.

सँड स्कॉर्चर १९७९ची, एकास दहा. वरून ती फोक्सवॅगन बीटल दिसते, वाळूत पळवण्यासाठी मडगार्ड कापून मोकळी केलेली. तिचं सौंदर्य मात्र खाली आहे. खऱ्या बीटलच्या पुढच्या चाकांना ज्या रीतीची टॉर्शन बार आणि मागे जाणाऱ्या आर्मची सस्पेन्शन असते, तीच रीत इथे धातूच्या लहानग्या भागांत उतरवली आहे. नुसती गाडी पळवायची असती तर याहून सोपे मार्ग होते. रेडिओची यंत्रणा पाणी लागू नये म्हणून पारदर्शक पेटीत बंद केलेली असते. बॉडी उचलली की बॅटरी, चाकं वळवणारा सर्वो, तारा सगळं काचेआड ठेवल्यासारखं दिसतं. स्नेह्यांनी बॉडी जरा मागे तिरपी ठेवून ही पेटी दिसू दिली आहे. अशा उघड्या मांडणीत गाडीची ऐट एरवी कमी होते. इथे ती वाढली आहे, कारण बघणारा बीटलचा ओळखीचा चेहरा आणि तिची आतडी एकाच नजरेत पाहतो.

हॉर्नेट १९८४ची. साधी, स्वस्त, पोरांच्या हातात जाण्यासाठी केलेली बगी. पुढच्या टायरांवर वळण धरायला लांब रेघा, मागच्या फुगीर टायरांवर माती उकरायला खिळे. पुढून सडपातळ आणि मागून दणकट, त्यामुळे उभी असतानाही ती पुढे झुकल्यासारखी वाटते. आत हेल्मेट घातलेला अर्धाच चालक. कंबरेखाली त्याला काही नाही, कारण तिथे बॅटरीची जागा आहे. नंदीच्या सुताराचा जो विवेक तोच इथे दिसतो: दिसायला हवं तेवढंच घडवायचं, बाकी जागा चालीला द्यायची.

या तिघांचा रंग जवळून पाहण्यासारखा आहे. नंदीवर रंग बाहेरून चढतो, आणि पोळ्याला पुन्हा हात फिरतो. वर्षानुवर्षांचे थर साचतात. शिंगाच्या मुळाशी टवका उडाला आहे तिथे पांढऱ्याखाली पिवळट आणि त्याखाली तांबूस अशा कडा दिसतात. स्कॉर्चरची बॉडी कडक प्लॅस्टिकची, तीही बाहेरूनच रंगवलेली, म्हणून तिच्या कडांवर रंगाची किंचित जाडी जाणवते. हॉर्नेटचं कवच मात्र पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं. ते आतून रंगवतात. अशा कवचावर एकाहून जास्त रंग असले तर क्रम उलटा होतो: बारीक तपशील आणि गडद रंग आधी, मोठा फिकट रंग शेवटी. हात आतल्या बाजूला चालतो आणि परिणाम बाहेरच्या बाजूला उमटतो. त्यामुळे रंगाची चमक ही खरं तर वरच्या प्लॅस्टिकची चमक असते. गाडी उलटली, घासली तरी ओरखडा त्या पारदर्शक पापुद्र्यावर राहतो, रंग खाली सुखरूप. धावणारी गाडी आतून का रंगवावी आणि ओढायचा नंदी बाहेरून का, याचं उत्तर दोघांच्या वापरातच आहे. नंदीला दर वर्षी नवा करायचं असतं, गाडीला आहे तशी टिकवायचं असतं.

मांडणीतल्या उंचीबद्दल मी आग्रही आहे. एकास दहाच्या गाडीसाठी हिशेब सोपा आहे. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतात. दहाने भागलं की पंधरा सेंटीमीटर. गाडी ज्या फळीवर आहे तिच्यापासून बघणाऱ्याचे डोळे पंधरा सेंटीमीटर वर असले, तर रस्त्यावरची खरी गाडी दिसते तशी ती दिसते. गुडघ्याएवढ्या फळीवर ठेवली की ती लगेच खेळणं होते. स्नेह्यांकडे फळी छातीच्या वर आहे, आणि समोर उभं राहिलं की नजर बरोबर जुळते. दुसरं, पुढची चाकं त्यांनी थोडी वळवून ठेवली आहेत. तेवढ्याने टायरची नक्षी समोर येते आणि गाडी वळणात आहे असं वाटतं. ही चाकं हाताने जोर लावून वळवू नयेत, सर्वोचे बारीक दाते तुटतात. रिमोटने वळवावीत, आधी गाडी बंद करावी आणि मग रिमोट.

नागपूरची हवा या छंदाला सोपी नाही. २३ मे २०१३ला इथे पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, नंदीच्या शिंगांचे जोड ढिले होतात. पावसाळ्यात ते फुगतं, आणि नेमक्या पोळ्याच्या तोंडावर चाकं आसावर आवळून बसतात. गाड्यांना धोका वेगळा. खिडकीतल्या उन्हाने प्लॅस्टिक पिवळं पडतं. टायरच्या रबरातला तेलकट अंश प्लॅस्टिकच्या पृष्ठभागात उतरून डाग पाडतो, म्हणून खाली काच बरी. कूलरची ओली हवा थेट शोकेसवर आली की स्क्रू गंजतात. बराच काळ भार एका जागी राहिला तर टायर चपटे होतात, त्यासाठी चासीखाली लाकडाचा ठोकळा देतात. पण ठोकळा उंच झाला की चाकं लोंबतात आणि गाडीचा सगळा तोल बिघडतो. टायर काचेला जेमतेम टेकतील इतकाच तो हवा. रिमोटमधले सेल आणि गाडीतली बॅटरी बाहेर काढून ठेवावी हे सांगायची गरज नसावी, पण गळलेल्या सेलने खाल्लेले रिमोट मी पाहिले आहेत.

हॉर्नेट २००४ साली आणि स्कॉर्चर २०१० साली कंपनीने पुन्हा बाजारात आणली. जुनी जपायची आणि नवी पळवायची, अशी सोय त्यामुळे झाली. ही सोय चांगली आहे, तरी मला या फळीवरचा सर्वांत देखणा भाग हॉर्नेटचा पुढचा बंपर वाटतो. तो खरवडलेला आहे, आणि स्नेह्यांनी तो बदललेला नाही. खोक्यातून कधीच न निघालेल्या गाडीची किंमत बाजारात जास्त येते. पाहणाऱ्याला मात्र या खरवडीतून गाडीचा वेग कळतो, कोऱ्या प्लॅस्टिकमधून कळत नाही. नंदीच्या चाकांची झिजही तशीच आहे: एका बाजूला जास्त, कारण ओढणारं पोर नेहमी एकाच अंगाने चालत असणार.

ज्यांच्या घरी अशी फळी असेल त्यांना एकच सांगणं आहे. तान्ह्या पोळ्याला नंदी खाली उतरतोच, त्या दिवशी गाड्याही उतरवा. नंदीच्या आसाला दोन थेंब तेल द्या, गाडीत चार्ज केलेली बॅटरी घाला आणि दोन्ही अंगणात पोरांच्या हाती द्या. परत ठेवताना धूळ पुसा, ओरखडे राहू द्या.