पुराणाची समाप्ती आणि मालिकेचा शेवट

चातुर्मासात पुराण सांगणाऱ्या शास्त्रीबुवांना समाप्तीचा दिवस आरंभीच ठाऊक असतो. श्रोत्यांना तर कथेचा शेवटही. रावण मरणार हे जाणूनही श्रोता उद्या पुन्हा देवळात येतो. दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकेचा कर्ता मात्र या दोन्ही सुखांना पारखा असतो. लोकांनी पाहिली तर ती लांबते, न पाहिली तर अर्ध्यावर आवरावी लागते. आम्हां वकिलांना ही स्थिती परिचयाची आहे. तारखांवर तारखा पडतात आणि मूळ तंटा काय होता, हे पक्षकारच विसरतात.

या दृष्टीने ‘झी मराठी’वरील ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका तपासण्याजोगी आहे. २०१६ साली तिच्या पहिल्या पर्वाचा आरंभच कोकणातील नाईकांच्या वाड्यात, अण्णांच्या मृत्यूने झाला. वाड्यातील गूढ काय, या प्रश्नावर ते पर्व उभे होते. आणि रहस्यकथेत उत्तर मिळताच प्रश्न निष्प्राण होतो. २०१९ साली कर्ते धाडसाने मागील काळात शिरले. जिवंत अण्णा, सोशिक माई, शेवंता! अण्णांचा अंत प्रेक्षकास ठाऊकच होता. म्हणजे तो पुराणाच्या श्रोत्याच्या जागी आला. ‘पुढे काय’ हा प्रश्न मागे पडून ‘माणूस असा का झाला’ हा प्रश्न उरला. माधव अभ्यंकरांचा विषयलंपट, क्रूर अण्णा मनात ठसला तो रोजच्या सहवासाने. तीन तासांच्या नाटकास एवढा सहवास देता येत नाही.

असला पुरुष घरात रोज का आणावा, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. परंतु रावणाची कथा पुराणिकही टाळीत नाहीत. माईचे सोसणे दृष्टीआड झाले असते, तर तो आक्षेप आम्हीही उचलून धरला असता.

२०२१ च्या तिसऱ्या पर्वात मात्र मेलेली पात्रे भुते होऊन परतली, शेवंतेची नटी मध्येच बदलली, आणि ठरलेल्या शेवटाचा आधारही सुटला. तेथे कथा केवळ चालू राहिली.

बदनावरसारख्या माळव्यातील गावी मराठी घरे मोजकी. उंबरठ्याबाहेर हिंदी आणि माळवी. आमच्या घरी रात्रीचा तो अर्धा तास मराठीचा असे. मालवणी बोली प्रथम आमच्या पुतण्यांना कळेना. पण माईचे दुःख कळले, आणि त्या वाटेने बोलीही कळू लागली. हे देणे थोडे नव्हे. म्हणूनच कर्त्यांस आमचे सांगणे एवढेच, की समाप्तीचा दिवस ठरवूनच पोथी उघडावी.