महादेवचा रोग आणि ‘धग’चे वाचन

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर जे लिहिले गेले त्याच्या मध्यभागी कौतिक आहे, आणि ते बरोबरच आहे. कौतिकसारखी बाई मराठी कादंबरीत त्याआधी क्वचितच उभी राहिली असेल. पण तिचा नवरा महादेव याला जो महारोग होतो, त्याची वासलात माझ्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांत एका वाक्यात लावलेली दिसते. दारिद्र्य होतेच, त्यात दैवाने हाही घाला घातला, असे ते वाक्य. मी समीक्षक नाही. अकोल्यात गल्लीतला दवाखाना चालवून म्हातारा झालेला फॅमिली डॉक्टर आहे. माझी तक्रार त्या एका वाक्याबद्दल आहे.

तक्रार करण्याचा अधिकार मला फारसा नाही, तेही आधीच सांगून टाकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी खेड्यातून एक चाळिशीचा शेतमजूर आला होता, खोकल्यासाठी. सदरा वर केला तर दंडावर फिकट, किंचित लालसर चट्टा. मी विचारले. तो म्हणाला, “दुखत नाई, खाजत नाई सायेब, मंग त्याले कायले औषद?” मला ते पटले. घामाचे दिवस होते, शिबे असतील असे धरून मी मलम लिहून दिले. आठ महिन्यांनी तोच माणूस करंगळी भाजून आला. चुलीजवळ बसला होता म्हणे. पोळले तेव्हा कळले नाही का, असे विचारल्यावर म्हणाला, “कयलं नाई ना. वास आला तवा पाह्यलं.”

ते ऐकून मी खुर्चीतून उठलो. दुखत नाही आणि खाजत नाही, हेच तर लक्षण होते. ते त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि मी ते आजार नसल्याचा पुरावा म्हणून ऐकले.

वास्तविक ही तपासणी दोन मिनिटांची आहे. रोग्याला डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या वातीने किंवा बॉलपेनच्या टोकाने कातडीला हलकेच स्पर्श करायचा, आणि जिथे लागले तिथे त्याला बोट ठेवायला सांगायचे. आधी चांगल्या कातडीवर, मग चट्ट्यावर. शिब्यांत आणि कोडात स्पर्श कळतो, कुष्ठाच्या चट्ट्यावर बोट चुकते किंवा येतच नाही. मग कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे ठेच लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती शीर चाचपायची. ती दोरीसारखी जाड लागली की शंका फारशी उरत नाही. त्याच शिरेच्या बिघाडाने करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकडे होते. यासाठी यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही. फक्त संशय यावा लागतो, आणि मला तो आला नाही.

का आला नाही? एका शब्दामुळे, असे मला वाटते. २००५ च्या डिसेंबरात देशातून कुष्ठरोगाचे ‘निर्मूलन’ झाले असे जाहीर झाले होते. सरकारी भाषेत त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रोगी, एवढाच. पण मराठीत निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणे. आम्ही डॉक्टरांनीही तो मराठी अर्थच घेतला.

शब्दांनी या रोगात नेहमीच गोंधळ घातला आहे. महारोग, रक्तपिती, कुष्ठ ही नावे एकीकडे. दुसरीकडे कोडासारख्या निरुपद्रवी, न पसरणाऱ्या विकाराला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणणाऱ्या जाहिराती. त्या नावापायी किती मुलींची लग्ने मोडली असतील. ‘महारोग’ हा शब्द तर निदान नसून निकाल आहे. तो उच्चारला जातो तेव्हा रोग जुना झालेला असतो, बोटे वाकलेली असतात आणि गावाला दुरून दिसलेले असते. त्याआधी काही वर्षे, रुजण्याचा काळ धरला तर पाच किंवा अधिकही, तो शरीरात मुक्याने राहत असतो. त्या मुक्या वर्षांना आपल्या भाषेत नाव नाही.

‘धग’ पुन्हा वाचताना मी ती वर्षे शोधू लागलो. ही शिंपी कुटुंबाची कथा. डॉक्टरी डोक्याला लगेच मोह होतो: महादेवचा कामचुकारपणा हा मुळात आळस नसून बधिर बोटांचा परिणाम असेल का? सुईवरची पकड सुटणाऱ्या माणसाला गाव आळशीच म्हणणार. वाचन आकर्षक आहे, दिवाळी अंकाला शोभेलही. पण कादंबरी त्याला आधार देत नाही. महादेवचा स्वभाव रोगाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि शेळक्यांनी त्याला कुठलीही सवलत दिलेली नाही. रोगामुळे तो चांगला ठरत नाही, कौतिकचा राग कमी होत नाही आणि तिची माया आटतही नाही. कुष्ठरोगी म्हणजे एकतर पापाचे फळ भोगणारा, नाहीतर करुणेचा विषय, या दोन साच्यांतून लेखक वाचला आहे. माझ्या मते ही ‘धग’ची फार मोठी कमाई आहे आणि ती कौतिकच्या तेजात झाकली गेली.

म्हणूनच ‘दैवाचा घाला’ हे समीक्षेचे वाक्य मला खटकते. हॅन्सनने जंतू दाखवला तो १८७३ साली. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांचे काम १९३६ पासून चालू होते. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले ते १९४६ साली. त्याच सुमारास भारतात डॅप्सोनचा वापर सुरू झाला. म्हणजे कादंबरी छापून आली तेव्हा रोग रोखणारे औषध होते आणि रोग्यांना जागा देणारी संस्था याच जिल्ह्यात होती. या गोष्टी मांडल्या की दैव बाजूला सरते आणि पुढचे प्रश्न सुचतात: औषध आणि माणूस यांच्यामधले अंतर कोणते होते? पैशांचे, रस्त्याचे, लाजेचे, की ठाऊकच नसण्याचे? कादंबरीने याची उत्तरे द्यावीत असे मी म्हणत नाही. समीक्षेने निदान विचारायला हवे होते. कौतिकच्या शेवटच्या वेडेपणाला आपण सामाजिक कारणे देतो, मग नवऱ्याच्या रोगालाच दैव का पुरते?

आणखी एक बाब, विधी अभ्यासकांनी खरे तर यावर लिहावे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून कुष्ठरोगाला जागा होती. ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. पूर्ण बरा होणारा रोग साडेतीन दशकांहून अधिक काळ कायद्यात लग्न मोडायला पुरेसा राहिला, कारण बहुविध औषधोपचार देशात १९८३ पासूनच सुरू झाला होता. कौतिक त्या वाटेने जात नाही. ती वाट तिला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, पण ‘सोशिक पत्नी’ म्हणून तिचे कौतुक करताना हेही डोळ्यांसमोर असावे.

माझा तो मजूर सरकारी दवाखान्यात गेला. शिरेला सूज होती म्हणून स्टिरॉइड दिले गेले, आणि अठ्ठावीस दिवसांचे एक अशी औषधांची बारा पाकिटे त्याने संपवली, फुकटात. घरच्यांचीही अंगे तपासली गेली. वर्षभरानंतर तो मला मुद्दाम कार्ड दाखवायला आला. त्यावर उपचार पूर्ण असा शेरा होता. जंतू मेले होते, पण गेलेली संवेदना परत आली नव्हती, आणि करंगळी वाकडी ती वाकडीच होती.

मी त्याला म्हटले, “भाऊ, तुम्ही बरे झालात.”

त्याने कार्ड खिशात घातले, हात टेबलावर पसरला आणि विचारले, “मंग हे बोट कोनाचं?”