मूल, औषध आणि न्यायालय

अमेरिकेत घरी मारहाण किंवा हेळसांड होणारे मूल न्यायालयाच्या आदेशाने आईवडिलांपासून काढून, सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. अशा मुलांना मनोविकारांवरील औषधे किती दिली जातात, हे तेथील संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या कार्यालयाने पाहिले. डिसेंबर २०११ चा तो अहवाल आम्ही वाचला.

पाच राज्यांत २००८ साली या मुलांना अशी औषधे मिळण्याचे प्रमाण इतर मुलांच्या २.७ ते ४.५ पट होते. तुलनेतली इतर मुलेही मेडिकेड या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेतलीच घेतली, हे योग्यच झाले. पण आघात सोसलेल्या मुलांची गरजही जास्त असू शकते. म्हणून नुसत्या या आकड्यावरून अतिरेक सिद्ध होत नाही, आणि अहवालही तसा दावा करत नाही. काळजीच्या गोष्टी वेगळ्याच आहेत: एका मुलाला एकाच वेळी पाच किंवा अधिक औषधे, कमाल मर्यादेपेक्षा मोठे डोस, वर्षाच्या आतल्या बाळांनाही औषधे.

अहवाल उणा पडतो तो पुढे. तो औषधांच्या नोंदी मोजतो. मुलाची हकिकत त्यात येत नाही. मार खाल्लेले मूल सतत सावध असते, दचकते, नीट झोपत नाही, एका जागी बसत नाही. हे वागणे अतिचंचलतेसारखे दिसते. निदान चुकले तर औषधाने मूल शांत दिसते, भीती मात्र तशीच राहते. त्याच कार्यालयाने पुढे २४ मुलांच्या फायली तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. २०१४ च्या त्या अहवालात नोंदींचा दर्जा सारखा नसल्याचे दिसले.

न्यायालयात ही उणीव महागात पडते. कॅलिफोर्नियात १९९९ साली झालेल्या कायद्याने अशा औषधांना परवानगी देण्याचा अधिकार बालन्यायालयाकडे आला. पण समोरच्या कागदावर फक्त निदान आणि डोस असेल, तर न्यायाधीश तपासणार काय? मिसूरी राज्यात २०१७ साली मुलांच्या वतीने खटला दाखल झाला. २०१९ च्या तडजोडीत राज्याने वैद्यकीय नोंदी ठेवणे, माहिती देऊन संमती घेणे आणि दुसऱ्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी करणे मान्य केले.

औषधे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. योग्य निदान झालेल्या मुलाला त्यांचा आधार होतो. वरच्या वर्गांत हा अहवाल चर्चेला जरूर घ्यावा. किती मुलांना औषध दिले, ते त्यात सापडते. या मुलाला का दिले, हे कळण्यासाठी त्याला रोज पाहणाऱ्या माणसाला विचारावे लागते. पुष्कळदा ते माणूस म्हणजे त्याचे शिक्षक असतात.