बार्देम घराणे

बार्देम घराणे : स्पेनमधील नट व चित्रपटदिग्दर्शक यांचे एक प्रसिद्ध घराणे. रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत त्याच्या निरनिराळ्या पिढ्यांनी काम केले. अभिनय हा कष्टाचा व स्वाभिमानाचा व्यवसाय होय, ही धारणा या पिढ्यांना जोडणारे मुख्य सूत्र आहे.

राफाएल बार्देम (१८८९–१९७२) व त्याची पत्नी मातिल्दे मुन्योस सांपेद्रो (१९००–६९) ही दोघेही मूळची रंगभूमीवरील. पुढे चित्रपटांत त्यांनी बहुधा दुय्यम भूमिका केल्या. त्यांचा मुलगा ह्वान आंतोन्यो (१९२२–२००२) दिग्दर्शक झाला. कोमिकोस (१९५४) या चित्रपटात त्याने फिरत्या नाटकमंडळीतील, मोठ्या भूमिकेची वाट पाहणाऱ्या तरुण नटीचे जीवन रंगविले. आईवडिलांच्या व्यवसायातील दगदग त्याच्या परिचयाची असल्याने या चित्रणात भाबडा गौरव नाही. म्वेर्ते दे उन सिक्लिस्ता (१९५५, म. शी. ‘सायकलस्वाराचा मृत्यू’) मध्ये आपले चोरटे प्रेम उघडकीस येऊ नये म्हणून एक सुखवस्तू जोडपे मोटारीखाली सापडलेल्या सायकलस्वाराला मरणाच्या दारी टाकून निघून जाते. फ्रँकोच्या राजवटीतील वरिष्ठ वर्गाची नैतिक पोकळी त्यातून प्रकट होते. १९५५ मध्येच सालामांका येथील चर्चासत्रात त्याने तत्कालीन स्पॅनिश चित्रपटावर कठोर टीका केली. तो साम्यवादी होता. काये मायोरच्या (१९५६) चित्रीकरणाच्या काळात त्याला अटकही झाली. तरुणांच्या टवाळखोरीला बळी पडणाऱ्या प्रौढ कुमारिकेची ही कथा त्याच्या कलेचा उच्चांक मानता येईल. कारण येथे समाजटीका पात्राच्या दुःखातूनच उमलते. नंतरच्या काही चित्रपटांत मात्र प्रतिपाद्य विचार कथेवर मात करतो.

त्याची बहीण पिलार (१९३९–२०२१) हिने लहानमोठ्या असंख्य भूमिका करून तीन मुलांना वाढविले. नादिये आब्लारा दे नोसोत्रास... (१९९५) मधील कणखर, सुशिक्षित सासूच्या भूमिकेसाठी तिला गोया पारितोषिक लाभले. संकटात सापडलेल्या सुनेला शिक्षणाकडे वळविणारी ही वृद्धा तिने कोठेही भावविवश होऊ दिली नाही. नटांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आइस्खे या संस्थेची ती अनेक वर्षे अध्यक्ष होती.

पिलारच्या मुलांपैकी कार्लोस (१९६३– ) हा नट व कादंबरीकार, तर हाव्येर (१९६९– ) हा सर्वांत ख्यातनाम. हामोन, हामोनमधील (१९९२) रांगड्या तरुणाच्या प्रतिमेत तो अडकून पडला नाही. लोस लुनेस आल सोल (२००२) मधील बेकार गोदीकामगार आणि एल बुएन पात्रोन (२०२१) मधील गोडबोला, स्वार्थी कारखानदार या एकाच दिग्दर्शकाच्या चित्रपटांतील दोन परस्परविरोधी भूमिका त्याचा आवाका दाखवितात. नो कंट्री फॉर ओल्ड मेन (२००७) मधील थंड डोक्याच्या मारेकऱ्याच्या भूमिकेने त्याला ऑस्कर मिळवून दिले. अभिनयासाठी तो मिळविणारा हा पहिला स्पॅनिश नट. ते स्वीकारताना त्याने आई, आजीआजोबा व स्पेनमधील समस्त नटवर्ग यांचे स्मरण केले.

त्यासाठी त्याने ‘कोमिकोस’ हाच जुना शब्द योजला. मामाच्या चित्रपटाचे शीर्षक असलेला हा शब्द हॉलिवुडच्या व्यासपीठावर अभिमानाने उच्चारला जावा, यात या घराण्याच्या कार्याचे सार आहे. दुय्यम भूमिकांत आयुष्य वेचणाऱ्या नटांची प्रतिष्ठा हाच त्याचा खरा वारसा होय.